नाशिकच्या इंदिरानगर-राजीवनगर भागात एकट्या ज्येष्ठांना घरपोच डबा: स्वयंसेवकांच्या जोरावर कसा बसवावा?

वडाळा_पाथर्डी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने इंदिरानगर, राजीवनगर आणि वडाळा-पाथर्डी रस्त्यालगत एकटे राहणारे ज्येष्ठ आणि दिव्यांग यांची यादी केली. २५ घरं निघाली. काहींची मुलं पुण्या-मुंबईला किंवा परदेशात. काही ठिकाणी नवरा-बायको दोघंही ऐंशीच्या पुढचे, ओट्यापाशी उभं राहणं होत नाही. दोघं व्हीलचेअरवर, एक काका पूर्ण अंध, एका ताईंना अर्धांगवायूनंतर गिळायला त्रास. मधुमेह, बीपी तर घरोघरी.

स्वयंपाक जवळचा महिला बचत गट करणार, फक्त दुपारचा एक डबा. पोहोचवायला आठ स्वयंसेवक आहेत, सगळ्यांकडे दुचाकी. सोमवार ते शनिवार चालवायचा विचार आहे.

विचारायचं ते असं. आठ जणांत २५ घरं होतील का? डबा स्टीलचा ठेवावा की वापरून फेकायचा? पथ्याचे किती प्रकार सांभाळता येतात? दार उघडलंच नाही तर काय करायचं? आणि कागदपत्रं नेमकी कोणती लागतात? ज्यांनी हे प्रत्यक्ष चालवलंय त्यांनी सविस्तर लिहावं, "खूप छान उपक्रम" एवढंच नको.

---

डबासेवा_पंचवटी

आधी बेरीज-वजाबाकी करू, कारण असे उपक्रम बंद पडतात ते स्वयंपाकामुळे नाही, वाटपामुळे.

एका घरामागे सहा-सात मिनिटं धरा. यात गाडी लावणं, जिना चढणं, दार उघडण्याची वाट पाहणं, रिकामा डबा घेणं आणि दोन शब्द बोलणं सगळं आलं. एका फेरीत सात घरं म्हणजे पाऊण तासाच्या वर, स्वयंपाकघरापासून पहिल्या घराचं अंतर मिळवलं की तास. त्यापुढे डबे गार होतात आणि पोहोचवणाराही कावतो. म्हणजे २५ घरांना चार फेऱ्या, सहा दिवसांच्या २४ पाळ्या. निवृत्त माणूस असला तरी आठवड्याला दोन पाळ्यांपेक्षा जास्त धरू नका. पहिल्या महिन्यात सगळे चार-चार घेतात आणि तिसऱ्या महिन्यात कुणाचे गुडघे दुखतात, कुणाचा नातू आजारी पडतो. तुमच्याकडे आठ जणांच्या १६ पाळ्या आहेत. २४ होत नाहीत.

मग दोन वाटा उरतात. २५ घरं तीन-चार दिवस, किंवा १३-१४ घरं सहाही दिवस. मी दुसरी घेईन, डोळे झाकून. डबा आज आहे, उद्या नाही, अशा स्थितीत घरातला माणूस स्वयंपाकाची बाई लावू शकत नाही, किराणा किती भरायचा ते ठरवू शकत नाही आणि मधल्या दिवशी चहा-बिस्किटावर राहतो. १३ घरांना दोन फेऱ्या, १२ पाळ्या, चार पाळ्या राखीव. उरलेल्या १२ घरांची प्रतीक्षा यादी करा. क्रम नाव कधी आलं यावर लावू नका. घरात शिजवणारं कुणीच नाही, गिळण्याचा त्रास, नुकतंच हॉस्पिटलमधून घरी आलेले, असे आधी. चार-पाच स्वयंसेवक वाढले की तिसरी फेरी सुरू करा.

फेरी आखताना नकाशावरचं अंतर बघू नका. इंदिरानगर आणि गोविंदनगर नकाशात हाकेच्या अंतरावर दिसतात, पण मध्ये मुंबई-आग्रा हायवेचा बोगदा आहे आणि तिथे अडकलात की सगळं वेळापत्रक कोलमडतं. हायवे ओलांडावा लागेल अशी दोन घरं एका फेरीत नकोत. शाळा सुटण्याच्या सुमारास शाळेच्या गल्लीतलं घर ठेवू नका. लिफ्ट नसलेल्या इमारतीतलं तिसऱ्या मजल्यावरचं घर दीड घर म्हणून मोजा. एका फेरीत अशी दोनच.

वेळ: वरण-भात पावणेअकराला गॅसवरून उतरला पाहिजे, ११ ते ११.२० भरणं, ११.२५ ला गाडी निघाली, शेवटचं घर साडेबारा. शिजवणारे हौसेने साडेनऊलाच सगळं करून ठेवतात आणि तिथेच घोळ होतो. भात कोमट अवस्थेत दोन-तीन तास पडला की त्यातले जिवाणूंचे बीजाणू, जे शिजवूनही मरत नाहीत, वाढायला लागतात. त्यांनी एकदा विष तयार केलं की पुन्हा गरम करून ते जात नाही. गरम अन्न ६० अंशांच्या वर, गार अन्न ५ च्या खाली, मधला पट्टा धोक्याचा.

त्यासाठी टोचायचा डिजिटल थर्मामीटर घ्या, महाग नसतो. भरताना वरण-भात ७५ च्या वर हवा. दर पंधरवड्याला तो तपासा: बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवायला हवा, उकळत्या पाण्यात ९८ च्या आसपास. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळजवळ ६०० मीटरवर असल्यामुळे इथे पाणी १०० ला पोचायच्या आतच उकळतं, थर्मामीटर बिघडला असं समजू नका. शनिवारी पिशवीत एक जादा डबा ठेवा, शेवटच्या घरानंतर उघडून मोजा. ६० च्या खाली आला तर फेरी लांब आहे किंवा पिशवी बाद झाली आहे. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा दहाच्या खाली जातो तेव्हा ही चाचणी आठवड्यातून दोनदा. थंडीत भरण्याआधी रिकाम्या डब्यांत पाच मिनिटं उकळतं पाणी घालून ठेवलं की चांगला फरक पडतो.

डबा स्टीलचाच, तीन पुडांचा. हव्या असलेल्या संख्येच्या दुप्पट आणि वर तीन-चार. आजचा भरलेला द्यायचा, कालचा रिकामा आणायचा. १३ घरांत दोन जोडपी धरून १५ माणसं, म्हणजे साधारण ३४ डबे. वापरून फेकायच्या पातळ प्लास्टिकमध्ये उकळतं वरण ओतू नये हे आहेच, शिवाय २०१८ पासून राज्यात त्यातल्या बऱ्याच प्रकारांवर बंदी आहे. झाकणावर ऑइलपेंटने फेरी आणि घराचा क्रमांक: अ-३, ब-५. पथ्याच्या डब्याला रंगाचा पट्टा. नाव-पत्ता डब्यावर लिहायचा नाही.

भरलेल्या डब्याचं वजन सव्वा किलोच्या आसपास, सात डबे म्हणजे आठ-नऊ किलो. स्कूटरच्या पायाशी बसतं. मोटरसायकलवाल्यांना हँडलला लटकवू देऊ नका, वळताना तोल जातो. मागच्या सीटवर क्रेट बांधा.

पोळ्यांचं वेगळं. तव्यावरून उतरलेली पोळी लगेच पुडात कोंबली की तिला घाम सुटतो, खालच्या दोन चिकट होतात. जाळीवर मिनिटभर मोकळी ठेवून सुती फडक्यात गुंडाळा, वर्तमानपत्रात नको, शाई अन्नाला लागते. भाकरी डब्यात देऊ नका. तासाभरात कडक होते आणि दात नसलेल्यांना चावत नाही.

---

पथ्यपाणी

आहारतज्ज्ञ म्हणून लिहिते. वर वेळेचं लिहिलंय त्यात एक भर: इन्सुलिन घेणारे फेरीत पहिले. कित्येक जण घड्याळ बघून साडेबाराला टोचून घेतात आणि डबा पाऊणला आला की तोवर साखर उतरलेली असते. त्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, जेवणाआधीचं इन्सुलिन डबा हातात पडल्यावरच. आणि पोहोचवणाऱ्याच्या खिशात साखरेच्या पुड्या असाव्यात. माणूस शुद्धीवर असेल तरच तोंडाने द्यायची, ग्लानीत असेल तर काहीही पाजायचं नाही, १०८ लावायचा.

पथ्याचे प्रकार तीन ठेवा. बचत गट "आमच्याकडे सगळं होईल" म्हणेल, पण सहा प्रकार झाले की चौथ्या दिवशी डब्यांची अदलाबदल होते. मूळ स्वयंपाकच कमी मिठाचा, कमी तेलाचा, साखर-गूळ न घातलेला करा. मधुमेह आणि बीपीवाले यातच बसतात, त्यांना वेगळा डबा लागत नाही. मधुमेहींना भात अर्धा आणि भाजी दीडपट, एवढाच फरक. दुसरा प्रकार मऊ: गुरगुट्या भात, घोटलेलं वरण, कुस्करता येईल अशी भाजी. तिसरा मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी.

१५ माणसांचं माप देते. तांदूळ ७५० ग्रॅम, शिजून सव्वादोन किलोच्या आसपास होतो, म्हणजे माणशी १५० ग्रॅमची मूद. तूरडाळ ४५० ग्रॅम, वरण घट्टसर ठेवा. कणीक ९०० ग्रॅम, ३० पोळ्या. भाजी सोलण्याआधी दोन किलो. दुधी, गिलके, डांगर (लाल भोपळा) या भाज्या शिजून निम्म्या होतात, त्या दिवशी अडीच किलो घ्या. तेल दीडशे ग्रॅम. मीठ सगळं मिळून ३० ग्रॅम, म्हणजे चहाचे सपाट पाच-सहा चमचे. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ ही मर्यादा, त्यातलं २ ग्रॅम या डब्यात. अंदाजपंचे चिमटीने टाकू नका, सकाळीच ३० ग्रॅम वाटीत काढून ठेवा आणि वरण, भाजी, कणीक त्याच वाटीतून. बेचव वाटेल अशी तक्रार येणारच. लिंबाची फोड, जिरं, आलं, कोथिंबीर यांनी चव भरून निघते. पापड-लोणचं मात्र डब्यात नको, सगळा हिशेब तिथेच बुडतो.

शिवभोजन थाळीचं माप बऱ्याच जणांना माहीत असतं: ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण. सुरुवातीला तेच उचलायला हरकत नाही, पण वरण दीडपट करा. वरच्या मापात माणशी प्रथिनं साधारण १७ ग्रॅम येतात, वाटीभर दही दिलं की २०. पंचावन्न किलोच्या माणसाला दिवसाला किमान ४४ ग्रॅम लागतात आणि बाकीच्या वेळी तो चहा-टोस्टवरच असण्याची शक्यता जास्त. म्हणून आठवड्यात दोन दिवस मोड आलेल्या मटकीची किंवा मुगाची उसळ, मऊ शिजवलेली. दाण्याचं कूट बारीक हवं. जाडसर कूट कवळीखाली जातं आणि घशातही अडकतं.

आता सगळ्यात जपायच्या दोन गोष्टी.

एक, मूत्रपिंडाचे रुग्ण. "बीपीसाठी चांगलं" म्हणून बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. मूत्रपिंड कमजोर असलेल्याला ते थेट हृदयावर बेतू शकतं. तुमच्या स्वयंपाकघरात ते आणूच नका, सगळ्यांना साधंच मीठ, मोजून. या रुग्णांच्या भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी फेकायचं, इतर वेळी आपण करत नाही ते. टोमॅटो, बटाटा, पालेभाजी, केळं, नारळपाणी विचारल्याशिवाय नाही. डाळ किती द्यायची ते त्यांच्या डॉक्टरांकडून लेखी घ्या, डायलिसिसवर असलेल्याचं आणि नसलेल्याचं उत्तर उलटं असतं. रक्त पातळ करण्याची वॉरफॅरिन गोळी घेणाऱ्यांना पालेभाजी बंद करायची गरज नसते, पण प्रमाण आठवड्याला सारखं हवं. एका आठवड्यात चार दिवस पालक आणि पुढच्यात शून्य, असं नको.

दोन, गिळण्याचा त्रास. त्या ताईंसाठी "मऊ" म्हणून वरण-भात पाठवाल तर तोच सगळ्यात धोक्याचा. पातळ वरणात भाताची शितं, म्हणजे तोंडात एकाच वेळी पाणी आणि घन. घन चावेपर्यंत पाणी घशातून श्वासनलिकेत उतरतं. त्यांना कोणती पातळी चालते हे स्पीच थेरपिस्टकडून लिहून घ्या. अन्न किती पातळ-घट्ट असावं याची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी ० ते ७ अशी आहे. चौथी म्हणजे पूर्ण वाटलेलं. चमचा तिरका केला की गोळा एकसंध खाली पडला पाहिजे, चमच्याला चिकटूनही राहू नये आणि बाजूने पाणीही सुटू नये. पाचवी म्हणजे ओलसर आणि बारीक, मोठ्या माणसाला ४ मिलिमीटरपर्यंतचे कण. काट्याच्या दोन दातांमधली फट साधारण तेवढीच असते, कण त्यातून जातो का बघायचं. सहाव्या पातळीत मऊ तुकडे, दीड सेंटिमीटरच्या आत. खिचडी वाटून गाळून घ्या. वाटलेलं अन्न गार होताना घट्ट होतं आणि पाणी सोडतं, म्हणून पोहोचवणाऱ्याने घरी ढवळून चमच्याची चाचणी पुन्हा करायची. चिकट पदार्थ, पोळी, पोहे, सालं असलेली कडधान्यं त्यांना नाहीत. जेवताना सरळ बसवायचं आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही.

---

जिना_चढणारा

दारापासून पुढचं मी सांगतो. या कामातला निम्मा उपयोग तिथे आहे.

बेल एकदा वाजवा आणि दोन-अडीच मिनिटं थांबा. वॉकर घेऊन आतल्या खोलीतून यायला तेवढा वेळ लागतोच. वरचेवर बेल दाबली की माणूस गडबडीने उठतो आणि पडतो. फेरीचं गणित करताना हा वेळ धरलेला असावा, म्हणून सात घरं म्हणजे सातच.

डबा हातात देऊन निघायचं नाही. गरम भरून घट्ट लावलेल्या पुडात वाफ थिजते, आत पोकळी तयार होते आणि झाकण असं बसतं की सांधेदुखीच्या हाताला ते उघडत नाही. आत जाऊन टेबलावर ठेवा, कडेला चमच्याची मूठ घालून हवा जाऊ द्या, तिन्ही झाकणं सैल करा. व्हीलचेअरवाल्यांकडे ओट्यावर ठेवलात तर तो डबा त्यांच्यासाठी नसल्यासारखाच. मांडीच्या उंचीच्या टेबलावर ठेवा आणि पिशवी चाकाच्या वाटेत टाकू नका.

अंध काकांसाठी पुडांचा क्रम कधीही बदलायचा नाही. खाली वरण, मध्ये भात-भाजी, वर पोळ्या, जो ठरेल तो. वरणाच्या पुडाला रबरबँड. ताटात वाढून देणार असाल तर घड्याळाप्रमाणे सांगा: बाराला भात, तीनला भाजी, नऊला पोळी, वाटी ताटाबाहेर उजवीकडे. आल्या आल्या आपलं नाव सांगायचं आणि जाताना "निघतो" म्हणायचं, नाहीतर ते रिकाम्या खोलीशी बोलत बसतात.

अर्धांगवायूवाल्यांना एका हाताने खाताना ताट सरकतं. खाली ओला नॅपकिन घाला, उंच काठाचं ताट किंवा खोल वाडगा द्या. चमच्याच्या दांड्यावर सायकलच्या हँडलचं रबरी आवरण चढवलं की पकड येते. ऐकू न येणाऱ्यांकडे बेल फुकट. खाली पोचलात की व्हिडिओ कॉल, फोन थरथरणाऱ्या मोडवर खिशात ठेवायची सवय लावा. स्मृतिभ्रंश असलेल्या घरी शक्यतो एकच स्वयंसेवक ठरवा. तिथे "माझं जेवण झालं" हे उत्तर धरून परत फिरायचं नाही, डबा उघडून समोर ठेवला की बहुतेक वेळा खातात.

दार उघडलं नाही तर क्रम ठरलेला असावा आणि तो ओळखपत्राच्या मागे छापलेला असावा. बेल. मग फोन लावून दाराला कान: आत रिंग वाजतेय का? दुधाची पिशवी, पेपर बाहेरच आहे का, दिवसा दिवा चालू आहे का, टीव्हीचा आवाज? शेजारी आणि वॉचमन यांना विचारा, सकाळी कुठे गेले का. यात पाच मिनिटं, मग समन्वयकाला फोन आणि तुम्ही पुढच्या घरी. उरलेली घरं उपाशी ठेवून तिथे थांबायचं नाही. नातेवाईक, किल्ली ठेवलेला शेजारी आणि गरज पडली तर ११२, हे काम समन्वयकाचं. दार तोडायला स्वयंसेवकाने हात लावायचा नाही. आतून आवाज येत असेल किंवा खिडकीतून माणूस पडलेला दिसला तर मात्र जागेवरून लगेच ११२ आणि १०८. पडलेल्याला ओढून उभं करू नका. खुब्याचं हाड मोडलेलं असलं तर त्याने जास्त इजा होते. अंगावर पांघरूण घाला आणि बोलत राहा. डबा दाराशी ठेवून येणं, कडीला अडकवणं कधीच नाही. मांजर, मुंग्या हे सोडा, पण दोन डबे दाराशी साचेपर्यंत कुणाला कळत नाही की आत काहीतरी झालंय.

रिकामा डबा परत घेताना उघडून बघा. पोळ्या तशाच, वरण संपलेलं: दाताचा किंवा कवळीचा प्रश्न. सगळंच अर्धं, तेही तीन-चार दिवस सलग: आजारपण किंवा उदासी. भाजी तेवढी उरते: तिखट किंवा आवड. वहीत तीन खुणा पुरतात: पूर्ण, अर्धं, शिल्लक. कपडे सैल व्हायला लागलेत, घरात वास येतोय, पायावर सूज आहे, हेही समन्वयकाला सांगायचं. आपण निदान करायचं नाही, गोळ्या सुचवायच्या नाहीत.

पैशाचं कडक ठेवा. एटीएमचा पिन, बँकेचं काम, घराची किल्ली, भेटवस्तू, उधारी, काही नाही. पहिले दोन आठवडे जोडीने जा, फोटो असलेलं ओळखपत्र, पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला. एकट्या राहणाऱ्यांची यादी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, चोराला याहून सोयीची यादी नाही. ग्रुपवर फक्त "अ-३ दिला". आणि डबा घेतानाचे फोटो काढायचे नाहीत, देणगीदाराने मागितले तरी.

---

हिशेबनीस

कागदांचं थोडक्यात. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ मध्ये अन्नव्यवसायाच्या व्याख्येतच "नफ्यासाठी असो वा नसो" असं आहे, म्हणजे फुकट वाटता म्हणून सुटका नाही. छोट्या स्वयंपाकघराला नोंदणी पुरते, परवाना मोठ्या उलाढालीला लागतो. अर्ज अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या फॉसकॉस पोर्टलवर. बचत गटाची नोंदणी आधीच असेल, तर तिची मुदत आणि पत्ता तपासा. नोंदणी एका जागेची आणि स्वयंपाक दुसऱ्या जागी, असं सर्रास चालतं. शिजवणाऱ्यांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी, आणि रोजच्या प्रत्येक पदार्थाचा १०० ग्रॅम नमुना तारीख लिहून ४८ तास फ्रिजमध्ये. कुणाचं पोट बिघडलं तर कारण डबा होता की नाही ते त्यावरून कळेल. गॅस १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर, घरगुती लाल नाही.

पैशांसाठी वेगळा ट्रस्ट काढायची घाई करू नका. संघ नोंदणीकृत असेल तर त्याच्याच खात्यात वेगळं शीर्षक उघडा आणि पावती संघाची द्या. संस्था नसताना लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं, गणेश मंडळं सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी घेतात तीच वाट. करसवलत मिळेल असं, संस्थेकडे देणगीवरच्या करसवलतीची मान्यता (लोक जिला ८०जी म्हणतात ती) असल्याशिवाय कुणालाही सांगू नका.

डब्याचा खर्च रुपयांत मांडू नका, भाव दर आठवड्याला हलतात. वर ग्रॅमांत माप दिलंय, त्याला त्या दिवशीचा मार्केट यार्डचा भाव लावा. पेट्रोल मात्र पहिल्या दिवसापासून द्या, मागितलं नाही तरी. ज्याला परवडत नाही तो स्वयंसेवक तोंडाने सांगत नाही, यायचा बंद होतो.

ज्यांना परवडतं त्यांच्याकडून डब्याचे थोडे पैसे घ्यावेत का, यावर आमच्यात कायम वाद असतात. माझं मत, घ्यावेत, पण दारात नाही. महिन्याला बंद पाकिटात किंवा खात्यावर. कोण देतो आणि कोण देत नाही हे पोहोचवणाऱ्याला कळताच कामा नये.

---

वडाळा_पाथर्डी

मनापासून आभार. १३ घरांवर सुरुवात करायचं बैठकीत मांडतो, दोन-तीन जण नाराज होणार आहेत पण गणित समोर ठेवीन. दोन शंका राहिल्या. बरेच जण आत्ताच म्हणताहेत की अर्धं दुपारी खाऊ, अर्धं रात्रीला ठेवू. आणि रस्ते बंद असतील त्या दिवशी काय?

---

पथ्यपाणी

ठेवणारच. नाही म्हणून सांगितलं तरी ठेवतात, तेव्हा ठेवता येईल असं द्या. भात दुपारचा दुपारीच संपवायचा, तो रात्रीला नाही. ओल्या खोबऱ्याचं वाटण असलेली भाजी आणि उसळही नाही, एप्रिल-मेच्या उन्हात संध्याकाळपर्यंत आंबते. त्यासाठी चौथं छोटं पूड ठेवा: एक जादा पोळी आणि परतलेली कोरडी भाजी. डबा घेतल्या घेतल्या ते फ्रिजमध्ये, फ्रिज नसेल तर फक्त पोळी, आणि रात्री दूध-पोळी. झाकणावर मोठ्या अक्षरात "रात्री". वरण ठेवायचंच असेल तर फ्रिजमधून काढून खळखळून उकळायचं, कोमट नाही. ओट्यापाशी उभं राहता येत नाही त्यांना हे सांगून उपयोग नाही, त्यांच्या डब्यात रात्रीसाठी वरण देऊच नका.

---

डबासेवा_पंचवटी

रस्त्यांचं आमच्याकडे वर्षाचं कॅलेंडरच लावलेलं असतं. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी (रंगाच्या पाण्याचे हौद), कामदा एकादशीला पंचवटीत रामरथ आणि गरुडरथ, गणेश विसर्जन. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि दुतोंड्या मारुतीला (गोदावरीच्या पुराची खूण मानतात ती मूर्ती) पाणी चढायला लागलं की रामकुंडाच्या बाजूची घरं धरता येत नाहीत. तुमच्याकडे एवढं नाही, पण २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांत हायवे आणि द्वारका चौक पार करणं तुम्हालाही जड जाईल. स्वयंपाकघर आणि सगळी घरं हायवेच्या एकाच बाजूला असतील तर निम्मं काम तिथेच झालं.

प्रत्येक घरी दोन दिवसांची कोरडी पेटी ठेवा: राजगिऱ्याचे लाडू, मेतकूट, सातूचं पीठ, टिकाऊ दुधाची पाकिटं, खजूर, पिण्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या. मधुमेहींच्या पेटीत लाडू-खजुराच्या जागी जास्तीचं सातूचं पीठ, मूत्रपिंडवाल्यांची आणि त्या गिळण्याच्या त्रासाच्या ताईंची पेटी पथ्यपाणी ताईंना विचारून. झाकणावर तारीख लिहा, तीन महिन्यांनी बदला. आणि बंद दिवसाची सूचना आदल्या दिवशी डब्यासोबत तोंडी आणि चिठ्ठीने. त्या दिवशी डबा नसला तरी फोन प्रत्येक घरी जातो, तो चुकवायचा नाही.

---

वडाळा_पाथर्डी

लिहून घेतलं. शेवटचं: आषाढी एकादशीला निम्म्या घरांचा उपवास. साबुदाणा खिचडी सगळ्यांना पाठवावी का?

---

पथ्यपाणी

मधुमेहींना नको, साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, साखर भराभर चढते. दात नसलेल्यांना आणि गिळण्याच्या त्रासात त्याचा चिकट गोळा अडकतो. भगर, दाण्याची आमटी बारीक वाटून, काकडीची दह्यातली कोशिंबीर, लाल भोपळ्याची भाजी असा डबा करा. मूत्रपिंडवाल्यांना दाण्याची आमटी नाही. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणारे निर्जळी किंवा एकवेळचा करणार असतील तर आधी डॉक्टरांना विचारायला लावा.

भगर आपल्या जिल्ह्यात मुबलक मिळते म्हणून सुटी, उघड्या पोत्यातली घेऊ नका. पाकीटबंद, तारीख आणि नोंदणी क्रमांक असलेली, निवडून दोन-तीनदा धुऊन. भगरीचं तयार पीठ तर नकोच, ते ओल धरतं, बुरशी येते आणि दरवर्षी नवरात्र-महाशिवरात्रीला त्यातूनच विषबाधेच्या बातम्या येतात. आणि कोण उपवासाचा, कोण नाही, हे आदल्या दिवशी दुपारीच विचारून वहीत लिहा. सकाळी अकराला फोन करत बसलात तर दोन्ही स्वयंपाक चुकतील.